शाळेचे छप्पर कुणाच्या नावावर?



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तुम्हीही चार पाने लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. गिरणीच्या साचेखात्यात उमेदीची वर्षे गेली. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकड्यावर बसून वाचले. तेव्हा भाषेत उणे-अधिक झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. विषय मात्र आम्ही मुद्दाम निवडला आहे, आणि तो आहे शाळेच्या जागेचा.

शिक्षण म्हटले की आपण शिक्षकांबद्दल बोलतो, पुस्तकांबद्दल बोलतो, फी आणि शिष्यवृत्तीबद्दल बोलतो. पण पोरं बसणार कुठं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ज्यांना वाडा आहे, बंगला आहे, त्यांना हा प्रश्न पडतच नाही. तो पडतो तुमच्या-आमच्यासारख्यांना. १८४८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ती बुधवार पेठेतल्या भिड्यांच्या वाड्यात. भिड्यांनी जागा दिली म्हणून शाळा उभी राहिली. खेड्यापाड्यांत पुष्कळ शाळा देवळात नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर भरत. आता देवळात शाळा भरली तर अस्पृश्याचे पोर आत जाणार कसे? म्हणजे कायद्याने शाळा सर्वांना खुली आणि जागेने बंद! आपल्या वाडवडिलांनी हे भोगले आहे.

हाच जागेचा प्रश्न सातासमुद्रापार अमेरिकेतल्या काळ्या बांधवांपुढे गेली दीडशे वर्षे उभा आहे. आजही तिथे 'चार्टर शाळा' म्हणून ज्या सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा आहेत, त्यांचे पहिले दुखणे जागेचेच आहे. प. पू. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. काळ्या लोकांची हार्लेम वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि डुबॉइस यांनी त्यांना उत्तरही पाठविले. म्हणजे हे नाते आम्ही आज जुळवतो आहोत असे नाही, ते बाबासाहेबांनीच जुळवले आहे. म्हणून त्यांच्या शाळांच्या छपराचा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे.

गळके छप्पर आणि स्वतःची वीट

अमेरिकेत गुलामी होती तेव्हा दक्षिणेकडच्या पुष्कळ राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. १८६१ ते १८६५ तिथे यादवी युद्ध झाले. त्या युद्धात तिकडचा कापूस बंद झाला, इकडे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईचे व्यापारी गबर झाले. आपल्या गिरणगावाच्या पोटात त्या कापसाचा पैसा आहे, हे गिरणी कामगाराने विसरू नये. १८६५ साली गुलामी कायद्याने संपली. सुटलेल्या माणसांनी पहिली मागणी केली ती जमिनीची आणि शाळेची. जमीन मिळाली नाही. शाळा त्यांनी चर्चमध्ये भरवल्या, जुन्या झोपड्यांत भरवल्या, कारण काळ्यांच्या मालकीची दुसरी जागाच नव्हती. गोऱ्यांना तेही सहन झाले नाही. मे १८६६ मध्ये मेम्फिस शहरात दंगल झाली, ४६ काळे मारले गेले, आणि घरांबरोबर त्यांची चर्चे व शाळाही जाळण्यात आल्या. शाळेची इमारत जाळली म्हणजे शाळा संपली, हे जाळणाऱ्याला बरोबर कळत होते.

पुढे बुकर टी. वॉशिंग्टन हे नाव येते. हा स्वतः गुलामीत जन्मलेला माणूस. ४ जुलै १८८१ रोजी त्यांनी अलाबामा राज्यात टस्कीगी येथे शाळा सुरू केली. विद्यार्थी ३०. जागा कोणती? चर्चजवळची एक मोडकी खोली. पाऊस आला की छप्पर गळायचे. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, पावसात एक मोठा विद्यार्थी आपला धडा बाजूला ठेवून त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहायचा, तेव्हा ते बाकीच्यांना शिकवू शकायचे. हे वाचताना आम्हाला आपल्या वस्तीतल्या पत्र्याच्या बालवाड्या आठवल्या.

वॉशिंग्टन यांनी ओळखले की दुसऱ्याच्या गळक्या खोलीत शाळा टिकणार नाही. जवळच एक ओसाड पडलेला मळा विकाऊ होता, किंमत ५०० डॉलर. त्यांनी उसने पैसे घेऊन तो घेतला. तिथे मालकाचे मोठे घर जळून गेलेले होते. शिल्लक काय, तर एक जुने स्वयंपाकघर, एक तबेला आणि एक कोंबड्यांचे खुराडे. ते साफ करून त्यातच वर्ग भरवले. मग पक्की इमारत हवी, तर विटा हव्यात. विकत घ्यायला पैसा नाही, म्हणून विद्यार्थ्यांनीच मातीत गुडघाभर उभे राहून विटा पाडल्या. वीटभट्टी तीन वेळा फसली. पैसे संपले तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले, आणि चौथी भट्टी साधली. भट्टीवर काम केलेला माणूस सांगेल की भट्टी फसणे म्हणजे काय असते. पण ती वीट त्यांची होती, जमीन संस्थेच्या नावावर होती, आणि म्हणून टस्कीगी आजही विद्यापीठ म्हणून उभे आहे.

रोझेनवाल्ड शाळा : पैसा जास्त कुणाचा?

टस्कीगी ही एक मोठी संस्था झाली. पण खेडोपाडीच्या पोरांचे काय? दक्षिणेत 'वेगळे पण समान' असा कायदा होता. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयानेच त्यावर शिक्का मारला होता. वेगळे होते ते खरे, समान मात्र काही नव्हते. गोऱ्यांच्या शाळेला पक्की इमारत, काळ्यांच्या शाळेला पडकी खोली.

शिकागोला ज्युलियस रोझेनवाल्ड नावाचे उद्योगपती होते. पोस्टाने घरपोच माल पाठवणाऱ्या सीअर्स रोबक या मोठ्या कंपनीचे ते प्रमुख. जातीने ज्यू, म्हणजे त्यांच्याही लोकांनी युरोपात छळ सोसलेला. १९१२ साली आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनी टस्कीगीला २५ हजार डॉलर दिले. त्यातले थोडे पैसे उरले, तेव्हा वॉशिंग्टन म्हणाले, यातून खेड्यांत शाळा बांधू. अलाबामात पहिल्या सहा शाळा झाल्या. बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत होते त्याच वर्षांतली ही गोष्ट. १९१५ साली वॉशिंग्टन वारले, पण काम थांबले नाही. १९३२ पर्यंत दक्षिणेच्या १५ राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. शिक्षकांची घरे आणि कामशाळा धरल्या तर एकूण ५,३५७ इमारती.

या इमारती कशा होत्या ते पाहण्यासारखे आहे. खेड्यात वीज नव्हती, म्हणून उजेडाचा विचार आधी. उंच उंच खिडक्यांची रांग, तीही अशा दिशेला की दिवसभर उजेड मिळावा. बाके अशी मांडायची की उजेड डाव्या हाताने यावा, म्हणजे लिहिताना वहीवर हाताची सावली पडत नाही. मध्ये सरकती भिंत, ती सरकवली की दोन वर्गांचा एक हॉल होतो आणि संध्याकाळी गावाची सभा भरते. किमान दोन एकर जमीन, खेळायला आणि बाग करायला. याचे नकाशे तयार करून गावोगाव दिले जात. गरिबाची शाळा म्हणजे कशीही चालेल, असा विचार त्यांनी केला नाही. स्वस्त करायची, पण चांगली करायची. अशाच एका शाळेत जॉन लुईस शिकले, जे पुढे काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचे पुढारी आणि अमेरिकेच्या संसदेचे सदस्य झाले.

आता हिशेब बघू. या सगळ्या बांधकामाला २ कोटी ८४ लाख डॉलर लागले. त्यात रोझेनवाल्ड फंडाचे सुमारे ४३ लाख ६६ हजार. गोऱ्या देणगीदारांचे सुमारे १२ लाख. सरकारी कराचा पैसा १ कोटी ८१ लाख. आणि काळ्या लोकांनी स्वतःच्या खिशातून किती दिले? ४७ लाख २५ हजार! म्हणजे ज्या शेठच्या नावाने शाळा ओळखल्या जातात, त्याच्यापेक्षा कापूस वेचणाऱ्या मजुरांनी जास्त पैसे दिले. कसे दिले? कुणी वाट्याने केलेल्या शेतातला एक तुकडा शाळेसाठी राखून ठेवायचा आणि त्यातला कापूस विकून पैसे द्यायचे. बायका जेवणाचे डबे करून त्यांचा लिलाव करायच्या. ज्याच्याकडे काहीच नाही तो लाकूड तोडून आणायचा, नाहीतर अंगमेहनत द्यायचा. आपले विहार असेच उभे राहिले आहेत, हे वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको.

आणि हेही लक्षात घ्या की ही माणसे सरकारला कर भरतच होती. त्या करातून गोऱ्यांच्या शाळा झाल्या आणि स्वतःच्या शाळेसाठी त्यांना पुन्हा वर्गणी काढावी लागली. एकाच शिक्षणाचे दोनदा पैसे!

मालकी कुणाची?

रोझेनवाल्ड फंडाची एक अट होती. जमीन आणि इमारत सरकारी शाळा मंडळाच्या नावावर करून द्यायची. अट वाईट हेतूची नव्हती. शाळा सरकारची झाली की शिक्षकांचा पगार, डागडुजी यांची जबाबदारी सरकारवर येते. काळ्यांच्या शाळेला सरकारने पैसा दिलाच पाहिजे, हे त्यातून कबूल करून घेता आले. वर जो १ कोटी ८१ लाखांचा आकडा दिला तो या अटीमुळेच निघाला. पण मंडळावर बसलेले सगळे गोरे. म्हणजे घाम काळ्यांचा आणि कागद गोऱ्यांच्या कपाटात.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, वर्णावरून वेगळ्या शाळा बेकायदेशीर आहेत. मोठा विजय झाला. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पण निकालाची अंमलबजावणी करताना मंडळांनी काय केले? बहुतेक ठिकाणी काळ्यांच्या शाळा बंद केल्या आणि काळी मुले गोऱ्यांच्या शाळेत पाठवली. काळे शिक्षक, काळे मुख्याध्यापक हजारोंनी घरी बसले. आणि लोकांनी कापूस विकून बांधलेल्या त्या इमारती मंडळाने विकल्या, गोदामे केली, नाहीतर पडू दिल्या. कुणी विचारायला गेले तर उत्तर एकच, इमारत मंडळाच्या नावावर आहे. २००२ साली अमेरिकेतल्या वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने रोझेनवाल्ड शाळा धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातल्या. तेव्हा कुठे जुन्या विद्यार्थ्यांनी पैसे जमवून काही इमारती परत घेतल्या व तिथे समाजकेंद्रे केली. आपल्याच आजोबांनी बांधलेली शाळा नातवांनी विकत घ्यायची, यापेक्षा मोठी चेष्टा ती काय!

पँथरांची शाळा

१९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन, हे आपल्याला माहीत आहे. ब्लॅक पँथर म्हटले की काळे जाकीट आणि बंदूक एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. पण त्यांनी शाळाही चालवली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात १९७१ साली त्यांनी लहान मुलांची शाळा सुरू केली. १९७३ मध्ये पूर्व ओकलंडमधली एक जुनी चर्चची इमारत घेऊन ती तिथे नेली आणि पुढे 'ओकलंड कम्युनिटी स्कूल' असे नाव दिले. एरिका हगिन्स या बाई तिच्या संचालिका होत्या. फी नाही, मुलांना तिन्ही वेळचे जेवण, आणि प्रवेशासाठी रांग. १९७७ साली राज्याच्या विधिमंडळाने या शाळेचा गौरव केला. इमारत आपली असल्यामुळे काय शिकवायचे हे त्यांना ठरवता आले. पण पक्ष खचत गेला, शाळेच्या पैशाच्या गैरव्यवहाराचे प्रकरण पुढे कोर्टापर्यंत गेले, आणि १९८२ साली शाळा बंद पडली. इमारत मिळवणे जितके महत्त्वाचे, तितकाच तिचा हिशेब चोख ठेवणे महत्त्वाचे. आमच्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

चार्टर शाळा आणि अकरा महिन्यांचा करार

आता अलीकडचा काळ. १९९१ साली मिनेसोटा राज्याने नवा कायदा केला. शिक्षक किंवा पालक एकत्र येऊन शाळा काढू शकतात, सरकार त्यांच्याशी करार करते, तो करार म्हणजे 'चार्टर'. फी घ्यायची नाही, प्रवेश सर्वांना खुला, प्रत्येक मुलामागे सरकारी पैसा मिळतो. निकाल चांगला नसेल तर करार रद्द. पहिली चार्टर शाळा १९९२ साली सेंट पॉल शहरात सुरू झाली. आज अशा आठ हजारांच्या आसपास शाळा आहेत आणि त्यांत साधारण ३७ लाख मुले शिकतात. त्यांतली निम्म्याहून अधिक काळ्या व लॅटिन अमेरिकी घरांतली आहेत.

पण कायदा करताना मोठी मेख राहून गेली. सरकार मुलामागे पैसा देते तो शिकवण्याचा. इमारतीचा नाही. साधी सरकारी शाळा बांधायची असेल तर मंडळ कर्जरोखे काढते आणि ते घरपट्टीतून फेडते. चार्टर शाळेला तो अधिकार नाही. मग भाडे भरायचे कशातून? शिक्षकाच्या पगारातून, पुस्तकातून. जेवढे भाडे जास्त तेवढा शिक्षक कमी, असा हा सरळ हिशेब आहे.

बँकेकडे जावे तर बँक म्हणते, तुमचा करार बहुधा पाच वर्षांचा आणि कर्ज मागता पंचवीस वर्षांचे. सहाव्या वर्षी तुम्ही असाल की नाही कुणाला माहीत? गिरणीत बदली कामगाराला कुठली बँक घरासाठी कर्ज देत होती? तसाच हा प्रकार. शाळा चांगली असली तरी कायम नाही, म्हणून पत नाही.

म्हणून या शाळा मिळेल तिथे बसल्या. चर्चच्या तळघरात, बंद पडलेल्या कॅथलिक शाळेत, बंद दुकानात, गोदामात, जुन्या कारखान्यात. भाडे परवडते ती जागा शाळेला योग्य नसते आणि योग्य असते ती परवडत नाही. दुकानाची शाळा करायची म्हणजे वापर बदलण्याची परवानगी लागते. आग लागली तर बाहेर पडायला पुरेसे दरवाजे हवेत. अगदी लहान मुलांचे वर्ग जमिनीच्या मजल्यावर लागतात. संडास किती, अपंग मुलाच्या खुर्चीला उतार आहे का, जुन्या रंगात शिसे आहे का, छपरात ॲस्बेस्टॉस आहे का, बस उभी राहायला जागा आहे का, हे सगळे बघावे लागते. हे नियम चुकीचे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण दुरुस्तीचा खर्च भाडेकरूने करायचा आणि इमारत मालकाची वाढायची, हे मुंबईतल्या भाडेकरूला नवीन नाही.

आणखी एक अडचण. शाळा एक-दोन वर्गांनी सुरू होते आणि दरवर्षी एक वर्ग वाढतो. पहिल्या वर्षी छोटी जागा घेतली तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी पोरं मावत नाहीत. आधीच मोठी घेतली तर रिकाम्या खोल्यांचे भाडे भरावे लागते. त्यामुळे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी शाळा, हे चित्र तिथे सर्रास दिसते. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कुटुंबाचे जसे होते, तसेच.

निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळे उपाय केले. मिनेसोटात सरकार भाड्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मदत देते, पण त्याला मुलामागे मर्यादा आहे आणि सरकारी पैशातून शाळेला स्वतः इमारत विकत घेता येत नाही. कॅलिफोर्नियात २००० साली मतदानाने नियम झाला की, सरकारी शाळा मंडळाने चार्टर शाळेच्या मुलांनाही इतर मुलांसारखीच जागा द्यावी. पण अर्ज दरवर्षी नवा. यंदा या गल्लीत, पुढच्या वर्षी दुसऱ्या गल्लीत! वॉशिंग्टन शहरात मुलामागे तीन हजार डॉलरहून अधिक रक्कम खास इमारतीसाठी मिळते आणि रिकाम्या सरकारी शाळांवर चार्टर शाळांना पहिला हक्क असतो. वाचलेल्यापैकी हा उपाय आम्हाला जास्त सरळ वाटला.

न्यूयॉर्कमध्ये दुसराच मार्ग निघाला. एकाच सरकारी इमारतीत जुनी शाळा आणि चार्टर शाळा. खालचा मजला त्यांचा, वरचा मजला यांचा, जेवणाची खोली आणि व्यायामशाळा वेळापत्रक लावून वापरायची. चाळीत एका नळावर दोन बिऱ्हाडे असली की काय होते ते सांगायला नको. एका मजल्याला नवा रंग, दुसऱ्या मजल्याचे प्लॅस्टर पडलेले, आणि दोन्हीकडची पोरं गरीब काळ्यांचीच! आई-बापांची आपसात भांडणे झाली. २०१४ साली कायदा झाला की, न्यूयॉर्क शहराने नव्या आणि वाढणाऱ्या चार्टर शाळांना जागा द्यावी, नाहीतर भाड्याची मदत करावी. भाड्याचा प्रश्न थोडा सुटला, पण जागेवरून आपसात झुंजायची सवय लागली ती लागलीच.

आणि जागेचा प्रश्न आला की दलालही येतातच. ओहायो राज्यात शाळा चालवायला घेतलेल्या एका कंपनीने सरकारी पैशातून बाके, संगणक घेतले आणि करारात ते कंपनीचे म्हणून लिहून ठेवले. शाळांनी कंपनी सोडली तेव्हा भांडण कोर्टात गेले. २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, करारावर तुमच्या सह्या आहेत, सामान कंपनीचेच, हवे तर विकत घ्या. सही करताना वाचले नाही की काय होते, त्याचा हा धडा.

यामुळे काळ्या समाजातच दोन मते आहेत. काही आई-बाप म्हणतात, जवळच्या सरकारी शाळेत पोर वाया जात होते, चार्टरमुळे वाचले. दुसरे म्हणतात, या शाळांमुळे आमच्या सरकारी शाळा ओस पडल्या. काळ्यांची जुनी संघटना एनएएसीपी हिने २०१६ साली मागणी केली की, चार्टर शाळांची वाढ तूर्त थांबवा. आम्ही दुरून निकाल देणार नाही. पण एक घटना सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१३ साली शिकागो शहराने एकदम सुमारे ५० सरकारी शाळा बंद केल्या, बहुतेक काळ्यांच्या वस्तीतल्या. डायेट नावाचे हायस्कूलही टप्प्याटप्प्याने बंद होणार होते. ऑगस्ट २०१५ मध्ये बारा पालक आणि कार्यकर्ते उपोषणाला बसले. ३४ दिवस उपोषण चालले. शाळा कायम सरकारी राहावी आणि वस्तीतल्या मुलांसाठी खुली राहावी, ही मागणी. २०१६ साली शाळा पुन्हा उघडली. त्यांच्या सगळ्या मागण्या मान्य झाल्या नाहीत, पण इमारत वस्तीच्या हातून गेली नाही.

आपण काय घ्यायचे?

 ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, ते मुंबईच्या मरीन लाइन्स भागातल्या लष्करी बराकीत. बराकीत कॉलेज! पण बाबासाहेब बराकीत समाधान मानून बसले नाहीत. मोक्याच्या फोर्ट भागात बुद्ध भवन आणि आनंद भवन या इमारती संस्थेकडे आल्या. औरंगाबादला १९५० साली महाविद्यालय सुरू झाले आणि नागसेनवन उभे राहिले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाचे कॉलेज शहराच्या मध्यावर, आणि तेही आपल्या संस्थेच्या जागेत. यात केवढी दूरदृष्टी होती, ते अमेरिकेचा इतिहास वाचल्यावर आम्हाला जास्त कळले.

उलट भिड्यांच्या वाड्याचे बघा. पहिल्या शाळेची ती वास्तू खासगी मालकीची राहिली. तिथे दुकाने झाली, भिंती खचल्या, खटला वर्षानुवर्षे चालला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला आणि त्या डिसेंबरात मोडकळीस आलेला वाडा पाडून स्मारकासाठी जागा मोकळी करण्यात आली. स्मारक व्हावे, जरूर व्हावे. पण वास्तू वाचली नाही ती नाहीच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. शाळेला, अभ्यासिकेला, बालवाडीला पैसा देणे सरकारचे कर्तव्य आहे, ते आपण सोडायचे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की, शाळेला ऊन-पावसात टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्ग, मुलामुलींना वेगळे संडास, पिण्याचे पाणी आणि खेळाचे मैदान हवे. आपल्या वस्तीतल्या शाळेत हे आहे का, ते जाऊन बघावे आणि नसेल तर अर्ज करावा. महापालिकेची शाळा पटसंख्या कमी म्हणून बंद होणार असे कानावर आले, तर इमारत पुढे कुणाला जाणार, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा. इमारत गेल्यावर विचारून उपयोग नाही.

आणि जे आपण स्वतः उभारतो त्याचे कागद बघावेत. विहाराची जागा ट्रस्टच्या नावावर आहे की एका माणसाच्या? मालमत्ता पत्रकावर काय नोंद आहे? विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय आयुक्तांकडे फेरफार अर्ज गेला का? दरवर्षी हिशेब तपासला जातो का? हे प्रश्न विचारणे म्हणजे कुणावर अविश्वास दाखवणे नव्हे. रोझेनवाल्ड शाळांसाठी कापूस विकणाऱ्या त्या माणसांचाही कुणावर अविश्वास नव्हता, आणि त्यांच्या नातवंडांना शाळा परत विकत घ्यावी लागली.

शेवटी विहाराचा हॉल. रविवारी वंदना होते, जयंतीला गर्दी होते, बाकीचे दिवस पुष्कळदा कुलूप. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांत अभ्यास करणारे दहावीचे पोर आपल्याच वस्तीत आहे. संध्याकाळी सात ते दहा हॉल उघडा ठेवावा, दोन ट्यूबलाइट, पंखा, चार सतरंज्या, आणि पाळीपाळीने एक जाणता माणूस बसलेला. याला ना बँकेचे कर्ज लागते, ना पाच वर्षांचा करार. किल्ली कुणाकडे राहील आणि विजेचे बिल कोण भरेल, एवढेच ठरवायचे आहे. ते या वर्धापनदिनाच्या सभेतच ठरवावे, अशी सर्वांना नम्र विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!